मुलांच्या हातची भेट

लहान मुले असलेल्या घरात हाताने वस्तू करण्यामागे दोन हेतू असतात. मुलाला काही करायला मिळावे हा पहिला, आणि केलेली वस्तू कुणाच्या तरी उपयोगी पडावी हा दुसरा. पहिला सगळ्यांना पटतो. दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, आणि मग बाटलीला लोकर गुंडाळून केलेल्या फुलदाण्या, आइस्क्रीमच्या काड्यांची घरे, चमकी लावलेल्या फोटोफ्रेमा कपाटावर धूळ खात पडतात. करताना मूल रमले हे खरे असते, पण ती वस्तू कुणालाच नको होती हेही त्याला कळत असते. हाताने केलेल्या कामाला किंमत नाही, हा धडा ते न शिकवता शिकते.

म्हणून घरगुती हस्तकलेचा विचार माणसापासून सुरू व्हायला हवा. घरात काय सामान पडले आहे, यापेक्षा कुणाला काय हवे आहे हा प्रश्न आधी यावा. आजोबा वाचता वाचता पान दुमडून ठेवतात, त्यांना खूण हवी. मावशीला बाळ होणार आहे, तिला दुपटी लागतील. वसतिगृहात राहणाऱ्या ताईला भातावर घ्यायला मेतकूट हवे. एवढे ठरले की सामान, पद्धत, मुलाचा वाटा हे सारे त्यामागून आपोआप ठरत जाते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही शाळाशाळांत रुजलेली घोषणा नेमकी याच्या उलट चालते. ती टाकाऊ वस्तूपासून निघते आणि बहुतेकदा टाकाऊ वस्तूपाशीच पोचते, फक्त मधल्या वेळात तिला गोंद आणि रंग लागलेला असतो.

मुलांच्या हाताला काम देण्याचा विचार शिक्षणशास्त्रात जुना आहे. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली. पुढे तिलाच त्याने किंडरगार्टन हे नाव दिले. मुलांच्या हाती द्यायच्या साहित्याला तो ‘भेटी’ म्हणत असे. पहिल्या भेटीत रंगीत लोकरीचे सहा मऊ चेंडू होते, दुसरीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल. त्यांच्या जोडीला कागदाच्या घड्या, पट्ट्यांची वीण, शिवण, मातीकाम असे उद्योग होते. आज बालवाडीत सर्रास दिसणारी कागदाच्या पट्ट्यांची चटई थेट त्या परंपरेतून आली आहे.

महाराष्ट्रात या विचाराला वेगळे वळण मिळाले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला, तेव्हा माँटेसरीचे साहित्य हा त्यांच्या कामाचा आधार होता. पण ते साहित्य महाग होते आणि शहरी घरांनाच परवडत होते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांनी शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, काड्या यांतूनच शैक्षणिक साधने उभी केली. पैसे वाचावेत एवढाच त्यामागचा विचार नव्हता. मुलाला ज्या वस्तूंची नावे, वास आणि वजन ठाऊक आहे त्यांच्यावर त्याचा हात धीटपणे चालतो. दुकानातून आणलेल्या चकचकीत वस्तूला हात लावताना तेच मूल आधी मोठ्यांच्या तोंडाकडे बघते.

त्याच काळात, १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची कल्पना मांडली. ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेलेली ही कल्पना पुढे का रोडावली, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. तिच्यातला एक आग्रह मात्र घरासाठी आजही मोलाचा आहे: मुलाने केलेली वस्तू खरोखर वापरात आली पाहिजे. कातलेल्या सुताचे कापड व्हावे आणि ते कुणाच्या तरी अंगावर दिसावे.

या आग्रहाला मानसशास्त्रातील प्रयोगांचाही आधार मिळतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बालवाडीतल्या मुलांवर केलेला होता. चित्र काढायची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले, काहींना काहीच दिले नाही. काही दिवसांनी खेळाच्या वेळेत रंगीत पेने पुन्हा समोर ठेवली, तेव्हा आधी आमिष दाखवलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी थांबली. बक्षिसासाठी केलेले काम बक्षिसाबरोबर संपते. माणसासाठी केलेल्या कामाचे तसे होत नाही, कारण घेणाऱ्याच्या घरात ती वस्तू पुढेही नांदत असते.

दुसरा दाखला मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन अरीली यांच्या २०१२ च्या अभ्यासाचा. स्वतः जुळवलेल्या किंवा घडी घालून केलेल्या वस्तूची किंमत माणूस जास्त लावतो. हौशी हातांनी केलेल्या कागदी घड्या करणाऱ्यांना तज्ज्ञाच्या कामाच्या तोडीच्या वाटल्या. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट पालकांच्या अधिक उपयोगाची आहे. वस्तू अर्धवट राहिली, किंवा करून लगेच मोडून टाकली, तर ही ओढ निर्माणच होत नाही. म्हणून मुलाला पेलेल आणि त्याच्या हातून पूर्ण होईल असेच काम निवडले पाहिजे. भव्य कल्पना निम्म्यावर सोडण्यापेक्षा साधी खूण पुरी झालेली बरी.

पेलेल म्हणजे काय, हे वयावर ठरते. दोन ते तीन वर्षांचे मूल फाडते, चुरगाळते, थापते, ठसे उमटवते. त्याला कात्री देऊन उपयोग नाही, पण रंगीत मासिकाचे कागद फाडून ते पुठ्ठ्यावर चिकटवायला द्यावे आणि त्याचे टेबलावर ठेवायचे आसन करावे. भेंडीचा आडवा काप रंगात बुडवून उमटवला की पाकळ्यांचे फूल मिळते. सुती रुमालावर कापडाच्या रंगाने असे ठसे काढले तर तो रुमाल खिशात राहतो. तीन-चार वर्षांचे मूल बोथट टोकाच्या कात्रीने कागदाच्या कडेला टकटक काप देते आणि मोठे मणी ओवते. पाचव्या-सहाव्या वर्षी कात्री वळणावर फिरू लागते, घडीची कड कडेला जुळते. सातव्या वर्षाच्या सुमारास सुई हाती देता येते. हे टप्पे सगळ्या मुलांचे सारखे नसतात. शेजारच्या मुलीला जमते म्हणून घरच्या मुलाला जमलेच पाहिजे, असा आग्रह धरला की हात आखडतो.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत एक नियम सैल करता येत नाही. खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकांत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात संपूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असे धरले जाते. मणी, गुंज, चिंचोके, बटणे, वाटाणे, टिकल्या हे सारे त्यात बसते. थोरल्या भावंडाचे ओवण्याचे सामान धाकट्याच्या हाती लागणार नाही अशी जागा घरात आधी शोधावी. नाण्याच्या आकाराच्या बटण-बॅटऱ्या आणि बारीक लोहचुंबक तर घरगुती खेळण्यांत वापरूच नयेत.

सामानाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. पुठ्ठा, सुती चिंध्या, सुतळी, वर्तमानपत्र, पतंगी कागद, माती आणि खळ एवढ्यावर वर्ष निघते. त्यातली खळ घरीच करावी. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मग त्यात तीन-चार वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहावे. मिश्रण पांढरट असेपर्यंत कच्चे असते. ते किंचित पारदर्शक आणि चमकदार दिसू लागले की उतरवावे. ही खळ दोन-तीन दिवस टिकते, फ्रीजमध्ये ठेवली तर जास्त. पूर्वी किडी लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, आणि मुलांच्या हाताला लागणाऱ्या, कधी तोंडातही जाणाऱ्या खळीत त्याचा कणही नको. चमकीची पूडही वापरू नये. ती बहुतेक प्लॅस्टिकची असते, कागदाला एकदा चिकटली की तो कागद रद्दीतही चालत नाही. थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी शाळेच्या प्रकल्पांच्या याद्यांतून तो पुरता गेलेला नाही.

आता काही वस्तू जवळून पाहाव्यात. आजोबांच्या पुस्तकातल्या खुणेसाठी पिंपळपानाची जाळी उत्तम. पूर्ण वाढलेली, पण वाळून कडक न झालेली आठ-दहा पाने निवडून काचेच्या बरणीत पाण्याखाली बुडवून ठेवायची. झाकण पक्के लावायचे, कारण उघड्या साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलायचे. हे काम पाच वर्षांचे मूल करू शकते, आणि त्या पाण्याचा कुजकट वास सोसणे हाही त्या कामाचाच भाग. हवामानाप्रमाणे तीन-चार आठवड्यांत पान लिबलिबीत होते. मग ते ताटलीत थोड्या पाण्यात पसरून मऊ, जुन्या दातांच्या ब्रशने हलके टिपायचे. घासायचे नाही, टिपायचे. हिरवा गर सुटून पाण्यात उतरतो आणि मधल्या शिरेपासून फुटलेल्या बारीक शिरांची जाळी उरते. चार-पाच पाने फाटतात, म्हणून मुळात आठ-दहा घ्यायची. उरलेली स्वच्छ धुऊन वर्तमानपत्राच्या घडीत, जड पुस्तकाखाली वाळवली की खूण तयार होते. या कामाचा खरा लाभ वाट पाहण्यात आहे. महिनाभर मूल रोज बरणीशी जाऊन डोकावते, आणि पानाच्या आतली पाणी वाहून नेणारी रचना त्याला चित्रातून न कळता हाताने कळते.

पत्रासाठी हळदीचा कागद करावा. स्वयंपाकाची हळद पाण्यात कालवून ते पाणी पांढऱ्या कागदावर बोळ्याने पसरायचे आणि कागद सावलीत वाळवायचा. कापसाची काडी साबणाच्या दाट पाण्यात बुडवून त्यावर लिहिले की अक्षरे लालसर उमटतात, कारण हळदीतला रंग अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत लाल होतो. त्याच अक्षरावर लिंबाचा थेंब टाकला की ते पुन्हा पिवळे होते. पाटीवरचे अक्षर जेमतेम गिरवू लागलेले मूलसुद्धा आजीला ‘ये’ एवढे लिहू शकते, आणि लिंबू कुठे पिळायचे हे आजीला सांगायचे राहते. उन्हात हळदीचा रंग उडतो, म्हणून हे पत्र भिंतीवर लावण्यासाठी नसून पाकिटात जपण्यासाठी आहे. परगावी किंवा परदेशी असलेल्या आजी-आजोबांना पाठवायला अशा सपाट, हलक्या वस्तू फार सोयीच्या.

थोड्या मोठ्या मुलांसाठी अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेल्या आगकाड्यांच्या रचना आहेत. गुप्ता हे आयआयटी कानपूरमधून शिकलेले अभियंते. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी जोडले गेल्यावर त्यांनी स्वस्त सामानातून विज्ञानाची खेळणी करण्यावर भर दिला, पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात अनेक वर्षे काम केले, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या या रचनेला लागते काय, तर सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि गूल काढून टाकलेल्या आगकाड्या. नळीचे छोटे तुकडे कापून त्यांच्या दोन्ही तोंडांत काड्या खुपसल्या की सांधा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच तिरपा होतो, आणि त्याला कर्णाची काडी घातली की तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलावर त्रिकोणच त्रिकोण का असतात, याचे उत्तर मुलाच्या हातात येते. टाकाऊ वस्तूंवरची वरची टीका अशा खेळण्यांना लागू होत नाही, कारण ती मोडायची, पुन्हा जोडायची आणि मित्राला करून द्यायची असतात.

सर्वांत मोलाची घरगुती भेट कोणती, असे विचारले तर दुपट्याचे नाव घ्यावे लागेल. घरात दुसरे बाळ येणार असते तेव्हा थोरल्या मुलाभोवती सगळे बोलणे येणाऱ्या बाळाचे चालते, आणि त्यात त्याच्या वाट्याला काहीच काम नसते. जुनी सुती साडी किंवा धोतर पुष्कळ धुतल्याने मऊ झालेले असते. त्याच्या दोन घड्या एकावर एक घालून मोठ्या माणसाने चारी कडा टाचून घ्याव्यात आणि आतल्या भागावर पेन्सिलीने सरळ रेघा आखून द्याव्यात. सहा-सात वर्षांचे मूल त्या रेघेवर धावदोरा घालते: सुई खाली, सुई वर. टाके लांब-आखूड पडतात, रेघ मध्येच वाकते. ते उसवून सरळ करू नयेत. गाठ मात्र दोन घड्यांच्या आत लपवावी, म्हणजे बाळाच्या कातडीला टोचणार नाही, आणि बसताना व उठताना सुया मोजाव्यात. बाळ आल्यावर त्याच दुपट्यात त्याला गुंडाळले की थोरल्या भावंडाचा त्या घटनेत हात असतो. बाजारातले गुळगुळीत दुपटे याची जागा घेऊ शकत नाही.

खाण्याच्या भेटींना आणखी एक मोठा फायदा आहे: त्या संपतात. घरात जागा अडत नाही, घेणाऱ्याला जपण्याचे ओझे होत नाही. मेतकुटासाठी डाळी, तांदूळ आणि मसाल्याचे पदार्थ मोठ्यांनी भाजावेत आणि दळावेत. वाटीने मोजणे, चाळणे, बरणी भरणे, चिठ्ठीवर नाव लिहिणे ही कामे मुलांची. बेसनाचे किंवा रव्याचे लाडू वळताना मिश्रण कोमट झाले की परात मुलांसमोर यावी. लहान तळहातात लहान लाडू होतो, एवढेच. तिळाची वडी थापताना मात्र गूळ चटका देणारा गरम असतो. तिथे मुलाने वड्या गार झाल्यावर डब्यात रचाव्यात, मध्ये कागद घालावेत. संक्रांतीच्या हलव्याचेही तसेच. परातीत तीळ किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवून, थोडा थोडा पाक घालत, बोटांनी फिरवत काटा आणायचे काम अनुभवी हातांचे आहे. आयता हलवा पुठ्ठ्यावर चिकटवून किंवा दोऱ्याने बांधून बोरन्हाणासाठी मुकुट आणि बाजूबंद करणे हे काम मात्र थोरली भावंडे धाकट्यासाठी सहज करतात.

इथे सणांचे महत्त्व लक्षात येते. सण कामाला निमित्त देतो, मुदत देतो आणि घेणारा माणूसही देतो. राखी भावाच्या मनगटावर दिवसभर टिकायची असते, म्हणून दोऱ्याची वेणी घट्ट घालावी लागते. पोळ्याला मातीचे बैल पुजायचे असतात, म्हणून ते चार पायांवर उभे राहावे लागतात, आणि पाय जाड केल्याशिवाय ओला बैल बसतो हे मुलाला दोन बैल बसल्यावर कळते. दिवाळीचा किल्ला याचा सर्वांत मोठा नमुना. विटा-दगडांवर गोणपाट, त्यावर चिखल, आणि हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी. हिरवळ दिवाळीत दिसायला हवी तर बी चार-पाच दिवस आधी पेरावे लागते, म्हणजे सगळ्या कामाची आखणी उलटी मोजत करावी लागते. आकाशकंदिलात बांबूच्या कामट्या तासणे आणि सुतळीने बांधणे मोठ्यांचे, पतंगी कागद खळीने डकवणे आणि झिरमिळ्या कापणे मुलांचे. एलईडी दिवा फार तापत नाही, त्यामुळे कागद जळण्याची जुनी भीती कमी झाली आहे. वायरची जोडणी मात्र मोठ्यांनीच करावी. कंदील कलला, एक बाजू फुगली तरी तो दारात लागलाच पाहिजे. दारात विकतचा आणि मुलाचा आतल्या खिडकीत, ही तडजोड मूल विसरत नाही.

यातूनच मोठ्यांच्या भूमिकेचा प्रश्न येतो, आणि तो या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. शाळेत दिलेला प्रकल्प रात्री आई किंवा बाबा पूर्ण करतात, सकाळी मूल तो वर्गात नेते, आणि प्रदर्शनात नीटनेटका दिसणारा प्रकल्प पुढे मांडला जातो. काही स्टेशनरीच्या दुकानांत तर असे प्रकल्प तयारच मिळतात. यात पालक जितके दोषी, तितकीच शाळाही. जी शाळा सहा वर्षांच्या मुलाकडून सुबकपणा मागते, ती खरे तर त्याच्या पालकांना गृहपाठ देत असते. मुलाचा हात पुरेसा नाही, हे मात्र त्या मुलाला शाळा आणि घर दोन्हीकडून एकाच वेळी सांगितले जाते.

बाजारातले हस्तकलेचे तयार संच हेच जरा सभ्यपणे करतात. सगळे तुकडे आधीच कापलेले, छिद्रे पाडलेली, रंगही मापात. डब्यावरच्या चित्रासारखी वस्तू करायची एवढेच मुलाकडे राहते. चूक करायला जागा नसते, त्यामुळे निवड करायलाही नसते. प्रवासात किंवा आजारपणात असा संच उपयोगी पडतो, हे मान्य. पण त्याला घरच्या हस्तकलेचा पर्याय समजू नये. विचार कुणी केला, हे इथे महत्त्वाचे आहे, आणि संचातला विचार कारखान्यात झालेला असतो.

मोठ्यांनी करायचे काम निराळे आहे. सामान काढून द्यावे, धोक्याची पायरी आपल्याकडे ठेवावी, एकदा करून दाखवावे आणि मग स्वतःचे काहीतरी घेऊन शेजारी बसावे. मुलाने विचारल्याशिवाय त्याच्या कामाला हात लावू नये. ‘छान, छान’ म्हणण्यापेक्षा ‘हा टाका इथे का घातलास?’ असे विचारावे. प्रश्नातून काम पाहिले गेल्याचे कळते. नुसत्या कौतुकातून तेही कळत नाही. अर्धे काम सोडून मूल उठले तर ते झाकून ठेवावे, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी ते परत येते.

या साऱ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप वेळेचा आहे, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. दोघे नोकरी करणारे, दीड-दोन तासांचा प्रवास, दोन खोल्यांचे घर: अशा कुटुंबाला मुलांसोबत दुपटी शिवायला सांगणे क्रूरपणाचे ठरेल. त्यावर उपाय वेगळा वेळ काढण्याचा नाही. शेंगा सोलणे, वाती वळणे, फुलांचा हार ओवणे, जुन्या पुस्तकांना कागदी कव्हर घालणे ही घरात तसेही होणारी कामे आहेत, आणि त्यांत हाताचे तेच कौशल्य लागते. वळलेल्या वातींची पुडी शेजारच्या आजींना देणे हीसुद्धा पूर्ण भेट आहे. जागा कमी असेल तर एक पाट आणि एक डबा पुरतो.

मात्र हे काम आईच्याच गळ्यात पडते, याकडे डोळेझाक करता कामा नये. हस्तकला, वाढदिवस, शाळेचे प्रकल्प हे सारे आईचे खाते, असे बहुसंख्य घरांत गृहीत धरले जाते. धावदोरा वडिलांना येत नसेल तर त्यांनी मुलाबरोबर शिकावा. मुलगे शिवत नाहीत आणि मुली कामट्या तासत नाहीत, ही विभागणी पाचव्या-सहाव्या वर्षी घरातच घडते. तिथेच ती थांबवता येते.

दुसरी गोष्ट याहून अवघड. या देशात हाताने काम करणाऱ्यांना शतकानुशतके जातीने खालच्या पायरीवर ठेवले गेले. कुंभार, बुरूड, चांभार, विणकर यांच्या मुलांना हस्तकौशल्य छंद म्हणून मिळाले नाही, पोटासाठी आणि सक्तीने मिळाले. सुखवस्तू घरात मातीकाम हा रविवारचा आनंद होतो आणि त्याच घरातली माणसे बाजारात पणत्यांवर घासाघीस करतात, तेव्हा हस्तकलेतून काहीच शिकले गेलेले नसते. मुलाने स्वतः एक पणती करून पाहिली, ती वाळताना तडकलेली पाहिली, की चाकावरून एकसारख्या पणत्या उतरवणाऱ्या हाताची किंमत त्याला समजते. ही समज यावी म्हणून मुलाला कारागिरापाशी न्यावे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळे आणि भाज्या रंगवताना कारागीर बसलेले दिसतात. गावोगावचे बुरूड अजून सुपे-टोपल्या विणतात. त्यांच्याकडून वस्तू सांगितलेल्या किमतीला विकत घेणे हाही मुलांच्या हस्तकला-शिक्षणाचा भाग मानला पाहिजे.

उरतो प्रश्न भेट घेणाऱ्याचा आणि झालेल्या वस्तूंचा. घेणाऱ्याचे कर्तव्य एकच: वस्तू वापरणे. रुमाल खिशात जावा, मेतकूट भातावर पडावे, खूण पुस्तकात दिसावी आणि पुढच्या भेटीत ती किती पाने पुढे सरकली हे मुलाला दिसावे. फोटो काढून सगळ्यांना पाठवणे म्हणजे वापरणे नव्हे. त्या फोटोसाठी वस्तू पुन्हा नीट मांडायला लावली तर करणाऱ्याचे लक्ष घेणाऱ्याकडून बघणाऱ्यांकडे वळते.

सगळेच जपता येत नाही, जपूही नये. वर्षातून चार-पाच वस्तू मुलानेच निवडाव्यात, मागे तारीख आणि कुणासाठी केली ते लिहून एका खोक्यात ठेवाव्यात. किल्ल्याची आणि बैलांची माती कुंड्यांत परत जाते, खळ आणि कागद यांचे खतही होते, सुती चिंध्या हातपुसणी म्हणून चालतात. प्लॅस्टिकचा मुलामा आणि चिकटपट्टी लावलेल्या वस्तूंचे मात्र काहीच होत नाही. त्या वेचून कोरड्या कचऱ्यात टाकण्याचे कामही मुलाने मोठ्यांबरोबर करावे, म्हणजे पुढच्या खेपेला सामान निवडताना ते त्याच्या लक्षात राहते.